अल कपोन आणि हिशेबाची वही

१७ जानेवारी १९२०. अमेरिकेत त्या दिवसापासून दारू बनवणं, विकणं आणि एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं हा गुन्हा झाला. साधा कायदा नव्हता, थेट राज्यघटनेत अठरावी दुरुस्ती करून ही बंदी आणली होती. नेमका त्याच दिवशी ब्रुकलिनमध्ये वाढलेला अल्फॉन्स कपोन नावाचा एक मुलगा २१ वर्षांचा झाला. सरकारने वाढदिवसाला एवढी मोठी भेट दिलेला दुसरा माणूस माझ्या तरी वाचनात नाही!

आपल्याकडे गँग हा शब्द फार स्वस्त झालाय. चारजणी एकत्र मेसला निघाल्या की त्यांची गँग. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली मोजून सहा, म्हणजे आमचीही गँगच. मग खरी गँग म्हणजे काय? पोरांचं टोळकं आणि अंडरवर्ल्ड यांच्यात फरक नेमका कुठे सुरू होतो? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी कपोनवरची पुस्तकं वाचायला घेतली. एकाची दोन झाली, दोनाची चार झाली, सबमिशन्स राहिली. आणि वाचताना माझं लक्ष त्याच्या बंदुकांपेक्षा त्याच्या हिशेबाकडेच जास्त गेलं. कारण पुढे येईलच.

कपोनचा जन्म १८९९ चा. आईवडील इटलीतल्या नेपल्सच्या बाजूचे, १८९० च्या दशकात बोटीने न्यूयॉर्कला आलेले. वडील न्हावी, आई शिवणकाम करायची. एकूण नऊ मुलं, त्यात हा चौथा. सिनेमात व्हिलनचा बाप दारुडा असतो, आईला मारतो वगैरे. इथे तसलं काही नाही. वडील लिहिता-वाचता येणारे, कष्टाळू, पोलिसांच्या दप्तरात कधीही नाव न आलेले. सगळ्यात मोठ्या भावाची गोष्ट तर अशी की लेखकाने रचली असती तर आपण हसलो असतो. तो पोरवयातच घरातून पळाला, पश्चिमेकडे गेला, नाव बदलून रिचर्ड हार्ट झाला आणि नेब्रास्कामध्ये दारूबंदी खात्याचा अधिकारी झाला! एका घरात, एका आईच्या हातचं जेवून वाढलेले दोन भाऊ, एक दारू पकडणारा आणि एक विकणारा. तेव्हा गुन्हेगारी रक्तातच असते असं म्हणणाऱ्यांनी आधी या घराचा विचार करावा.

अल शाळेत बरा होता. सहावीत घसरला, १४ व्या वर्षी एका शिक्षिकेशी मारामारी झाली आणि शाळा सुटली ती कायमचीच. मग गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात काम कर, बोलिंगच्या गल्लीत खाली पडलेल्या पिना उभ्या कर, खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठे काप. आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर हिंडणं. आजूबाजूला नौदलाची गोदी, खलाशी, गुत्ते आणि शेजारच्या गल्लीत दुसऱ्या देशातून आलेल्यांची पोरं.

इथे फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाचं नाव घ्यायला हवं. त्याने शिकागोतल्या १३१३ टोळ्यांचा अभ्यास केला आणि १९२७ साली पुस्तक काढलं. (१३१३! आणि आपण प्रोजेक्टला तीस जणांचा सर्व्हे करताना रडतो.) त्याचं म्हणणं असं की टोळी शहराच्या फटीत उगवते. रेल्वेचे रूळ आणि कारखाने, श्रीमंत वस्ती आणि बाजार, यांच्यामधल्या जागेत, जिथे जुनी वस्ती उठलीय आणि नवीन अजून नीट बसलेली नाही. पोरं आधी खेळायलाच जमतात. मग दुसऱ्या गल्लीशी भांडण होतं आणि ते भांडणच त्यांना घट्ट बांधतं. शत्रू नसेल तर टोळी टिकत नाही. आणि मला महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट: यातली बहुतेक पोरं मोठी होतात, नोकरी धरतात, लग्न करतात आणि टोळी आपोआप विरून जाते.

कपोनचंही तेच होऊ शकलं असतं. १९१८ च्या डिसेंबरात त्याला मुलगा झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला मे कॉफलिन या आयरिश मुलीशी त्याचं लग्न झालं. वय १९. इटालियन आणि आयरिश लोकांचं तेव्हा एकमेकांशी पटायचं नाही, तरी हे लग्न शेवटपर्यंत टिकलं. त्याच्या आधीच, १९१७ साली, कोनी आयलंडच्या एका बारमध्ये काम करताना त्याने एका गिऱ्हाइकाच्या बहिणीबद्दल काहीतरी अचकट-विचकट बोलून ठेवलं आणि त्या भावाने चाकूने त्याचा डावा गाल तीन ठिकाणी फाडला. स्कारफेस हे नाव तिथून पडलं. त्याला ते आयुष्यभर आवडलं नाही. फोटो काढताना तो उजवी बाजू पुढे करायचा आणि व्रण महायुद्धातले आहेत असं लोकांना सांगायचा. युद्धावर तो कधी गेलाच नव्हता.

मग तो विरून का नाही गेला? कारण त्याला जॉनी टोरियो भेटला होता. टोरियो म्हणजे बुटका, शांत, दारू-सिगारेटला न शिवणारा, संध्याकाळी वेळेवर बायकोकडे घरी जाणारा माणूस. बँकेत मॅनेजर म्हणून शोभला असता. तो १९०९ च्या सुमारास शिकागोला जाऊन बिग जिम कोलोसिमोच्या कुंटणखान्यांचा आणि जुगाराचा कारभार बघू लागला होता. त्याने कपोनला ब्रुकलिनमधून बोलावून घेतलं. दारूबंदी आली तेव्हा टोरियोला लगेच कळलं की आता पैसा इथे आहे. कोलोसिमोला मात्र पटेना, त्याचं आहे ते बरं चाललं होतं. ११ मे १९२० ला कोलोसिमो स्वतःच्याच हॉटेलात गोळी लागून मेला. खुनी सापडला नाही आणि धंदा टोरियोकडे आला.

आता दारूबंदीने नेमकं काय केलं, हे समजायला शिकागोला जायची गरज नाही. आमच्या हॉस्टेलवर पाणी तापवायच्या रॉडला बंदी आहे. कारण योग्यच आहे, वायरिंग जुनं आहे, लोड झेपत नाही. पण डिसेंबरात सकाळी सात वाजता सोलरला पाणी थंडगार, आणि आठला लेक्चर. मग बंदी आल्यावर रॉड संपले का? नाही. रॉड ठेवणाऱ्या मुली कमी झाल्या आणि उरल्या त्यांचा भाव वाढला. एका बादलीला एक मॅगीचं पाकीट असा रेट निघाला. मग राऊंड कधी आहे हे आधी कळवणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांचा चहा-बिस्किटांचा खर्च रेटमध्ये धरला गेला. (मॅडम, हे जुनं आहे. त्या मुली पास आउट झाल्या!)

शिकागोत हेच झालं, फक्त मॅगीच्या जागी डॉलर आणि मावशींच्या जागी पोलीस कॅप्टन. लोकांची तहान कायद्याने गेली नाही. गंमत म्हणजे पिणं हा गुन्हा नव्हताच, विकणं हा गुन्हा होता! म्हणजे गिऱ्हाईक सज्जन आणि दुकानदार तेवढा गुन्हेगार. जे वकील आणि व्यापारी दिवसा कपोनला शिव्या घालायचे त्यांच्याच घरी रात्री त्याची बाटली उघडायची.

पण एक गोष्ट रॉडच्या धंद्यात आणि दारूच्या धंद्यात सारखी आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा कोणी तुमचा रॉड ढापला. तुम्ही रेक्टरकडे तक्रार करू शकता का? कोणत्या तोंडाने करणार? दारूच्या धंद्यात ट्रक लुटला, उधारी बुडवली, माल पाणी घालून दिला, तर कोर्टात जाता येत नाही. करार आहे पण करार पाळायला लावणारं कोणी नाही. म्हणून तिथे बंदूक आली. बंदूक म्हणजे या धंद्याचं दिवाणी कोर्ट. लाच म्हणजे लायसन्स फी. हे दोन्ही ज्याला व्यवस्थित चालवता आलं तो टिकला. टोळकं आणि अंडरवर्ल्ड यांच्यातला फरक मला इथे सापडला. टोळक्याला गल्ली लागते. अंडरवर्ल्डला गिऱ्हाईक, पोलीस आणि पुढारी, तिघेही लागतात.

त्यातही बियरचा विचार करा, आपण इंजिनिअर आहोत. व्हिस्की कॅनडातून चोरून आणता येते, थोड्या मालात जास्त पैसा. बियर तशी नाही. तिचं वजन जास्त, किंमत कमी, ती लांबून आणणं परवडत नाही. म्हणजे शहरातच कारखाना हवा, मोठमोठे पिंपं हवेत, ट्रकचा ताफा हवा आणि हे सगळं रस्त्यावरून दिवसाढवळ्या दिसणार. बियरचा कारखाना खिशात लपवता येत नाही! तेव्हा लपवण्यापेक्षा बघणाऱ्याचे डोळे विकत घेणं हाच मार्ग उरतो. अर्धा टक्का अल्कोहोलची पुचाट बियर कायद्यात बसत होती. ती बनवताना आधी खरी बियर बनवून मग त्यातलं अल्कोहोल काढावं लागतं. टोरियोच्या कारखान्यांत ही शेवटची स्टेप गाळली जायची, बस्स. दुसरीकडे जेन्ना बंधूंची पद्धत वेगळी. त्यांच्याकडे औद्योगिक अल्कोहोलचं सरकारी लायसन्स होतं. त्यांनी गरीब इटालियन कुटुंबांच्या स्वयंपाकघरात भट्ट्या बसवून दिल्या आणि भट्टी सांभाळायचे दिवसाला १५ डॉलर दिले. ज्या बापाला दिवसभर राबून त्याच्या निम्मेही मिळत नव्हते तो नाही कशाला म्हणेल?

टोरियोने शहर वाटून दिलं. हा भाग तुझा, तो त्याचा, एकमेकांच्या हद्दीत यायचं नाही, ट्रक लुटायचा नाही, सगळ्यांनी सुखाने कमवायचं. कागदावर प्लॅन सुंदर होता. पण उत्तर भागाचा डीन ओबॅनियन, ज्याचं वरून फुलांचं दुकान होतं, त्याने १९२४ च्या मे महिन्यात टोरियोला एका कारखान्यातला आपला हिस्सा विकला आणि थोड्याच दिवसांत तिथे धाड पडली. धाड पडणार हे ओबॅनियनला आधीच माहीत होतं. टोरियो पकडला गेला. फसवणुकीची केस कुठे लावणार? १० नोव्हेंबरला ओबॅनियन आपल्याच दुकानात फुलं कापता कापता मारला गेला. पुढच्या जानेवारीत ओबॅनियनच्या माणसांनी टोरियोला घरासमोर गोळ्या घातल्या. तो वाचला, पण त्याला जे कळायचं ते कळलं. सगळा धंदा कपोनच्या हातात देऊन तो निघून गेला. (टोरियो १९५७ साली ब्रुकलिनमध्ये न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना हार्ट अटॅकने गेला. या लाइनमधल्या माणसाला याहून चांगलं मरण नाही.)

कपोन तेव्हा २६ वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयात लोक एमबीए करून पहिल्या नोकरीत असतात. शिकागोला लागून असलेलं सिसेरो हे गाव आधीच त्यांच्या खिशात होतं. १ एप्रिल १९२४ च्या तिथल्या निवडणुकीत कपोनची माणसं बंदुका घेऊन मतदान केंद्रांवर उभी राहिली, त्यात त्याचा भाऊ फ्रँक पोलिसांच्या गोळीने मेला, पण हवा तो उमेदवार निवडून आला. खुद्द शिकागोत १९२७ साली बिग बिल थॉम्पसन पुन्हा महापौर झाला. दारूचे बंद पडलेले अड्डे उघडून देऊ असं हा गृहस्थ प्रचारातच सांगत होता.

कपोनची कंपनी बघण्यासारखी होती. तो सिसिलीचा नव्हता, त्यामुळे सिसिलियन माफियासारखं जात-गाव बघायची त्याला गरज वाटली नाही. तिजोरी सांभाळणारा जेक गुझिक ज्यू, काही माणसं आयरिश, मरी हंफ्रीज वेल्श वंशाचा. ज्याला काम येतं तो घ्यायचा. कपोनच्या व्हिजिटिंग कार्डावर मात्र जुन्या फर्निचरचा व्यापारी असं छापलेलं होतं! वर्षाची उलाढाल दहा कोटी डॉलरच्या घरात असल्याचा तेव्हाचा अंदाज होता.

आणि लोकांना तो आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. बेसबॉलच्या मॅचला तो आला की लोक टाळ्या वाजवायचे. १९२६ मध्ये त्याच्या हॉटेलवर ओबॅनियनच्या माणसांनी गाड्यांच्या रांगेतून शेकडो गोळ्या झाडल्या, तो जमिनीवर आडवा पडून वाचला, पण रस्त्यावरची एक बाई जखमी झाली. तिच्या दवाखान्याचा खर्च त्याने दिला. १९३० मध्ये मंदीत माणसं रस्त्यावर आली तेव्हा त्याने शिकागोत फुकट जेवणाचं केंद्र उघडलं, तिथे रोज हजारो लोक जेवायचे. गणपतीची वर्गणी सगळ्यात जास्त कोण देतं हे ज्यांनी आपल्या गावात पाहिलंय त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. त्या सूपची किंमत कोण देत होतं ते आता सांगते.

शाळेत आमच्या सिस्टर १४ फेब्रुवारीला संत व्हॅलेंटाइनची गोष्ट सांगायच्या, त्यामुळे ही तारीख मला आधी संताची म्हणून माहीत झाली, नंतर ग्रीटिंग कार्डांची. आता ती मला एका गॅरेजची वाटते. १९२९ साल, सकाळचे साडेदहा, शिकागोतला नॉर्थ क्लार्क स्ट्रीट. उत्तर भागाच्या टोळीचं हे गॅरेज. आत सात माणसं. पोलिसांच्या वेषातली दोघं आणि साध्या कपड्यांतली काही माणसं आत आली. नेहमीची धाड समजून सातही जण हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागून दोन मशीनगन चालल्या. टोळीचा म्होरक्या बग्ज मोरान हवा होता. तो उशिरा आला, पोलिसांची गाडी लांबूनच बघून माघारी फिरला आणि वाचला. एकजण, फ्रँक गुझनबर्ग, अंगात डझनभर गोळ्या घेऊन तीन तास जिवंत होता. पोलिसांनी कितीही विचारलं तरी त्याने कोणी गोळी घातली हे सांगितलं नाही. कपोन त्या सकाळी खूप लांब फ्लोरिडात होता, अगदी साक्षीदारांसकट.

त्या सातांमधला जॉन मे माझ्या डोक्यातून जात नाही. तो मेकॅनिक होता. ट्रक दुरुस्त करायला आठवड्याच्या पगारावर यायचा, अंगात ओव्हरऑल, घरी बायको आणि पोरंबाळं. त्याचा कुत्रा ट्रकला बांधलेला होता. कुत्र्याचं रडणं थांबेना म्हणून शेजाऱ्यांना शंका आली आणि मग आत बघितलं गेलं. सातांमध्ये एक चष्म्याचा डॉक्टरही होता, त्याला गुंडांबरोबर बसायला मजा वाटायची एवढाच त्याचा गुन्हा. सिनेमात या दोघांना कोणी क्लोज-अप देत नाही.

तपासातला एक भाग मात्र आपल्या कामाचा. कॅल्विन गोडार्ड नावाच्या तज्ज्ञाने जमिनीवर सापडलेली ७० पुंगळी तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. प्रत्येक बंदुकीच्या यंत्रणेचे ओरखडे पुंगळीवर उमटतात आणि दोन बंदुकांचे ओरखडे सारखे नसतात. त्यावरून त्याने सांगितलं की दोन थॉम्पसन मशीनगन होत्या, एकीला ५० गोळ्यांचं ड्रम आणि दुसरीला २० गोळ्यांचं मॅगझिन, आणि शिकागो पोलिसांच्या बंदुका त्या नव्हेत. त्याच वर्षाच्या शेवटी मिशिगनमध्ये फ्रेड बर्क नावाच्या गुंडाच्या घरात त्या दोन्ही सापडल्या. या कामातूनच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हे तपासाची प्रयोगशाळा उभी राहिली. सात खुनांसाठी मात्र कोर्टात कोणालाच शिक्षा झाली नाही.

सिनेमा बघून सगळ्यांना वाटतं की कपोनला एलियट नेसने पकडलं. नेसने बियरचे कारखाने फोडले, पैसे खाल्ले नाहीत, हे खरं आहे आणि त्याबद्दल त्याला मान द्यायलाच हवा. पण कपोनला आत घातलं ते फ्रँक विल्सन नावाच्या चष्मेवाल्या इन्कम टॅक्स अधिकाऱ्याने. आधी १९२७ साली सुप्रीम कोर्टात सलिव्हन नावाच्या दारूवाल्याची केस झाली होती. बेकायदा कमाई रिटर्नमध्ये लिहिली तर आपणच गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, म्हणून रिटर्नच भरायचं नाही, असा त्याचा बचाव. कोर्टाने तो फेटाळला. कमाई कसलीही असो, टॅक्स भरा!

अडचण ही की कपोनच्या नावावर काहीच नव्हतं. बँकेत खातं नाही, चेकवर सही नाही, सगळं रोख. विल्सन आणि त्याची माणसं दोन-अडीच वर्षं कागद चाळत होती. फर्निचर, फोनची बिलं, शिंप्याची बिलं, रेशमी अंतर्वस्त्रांची सुद्धा. मग १९३० मध्ये एका रात्री जुन्या कपाटात त्याला काही वह्या मिळाल्या. १९२६ साली मॅकस्विगिन नावाच्या तरुण सरकारी वकिलाचा सिसेरोत खून झाला, लोक खवळले, तेव्हा पोलिसांनी जुगाराच्या अड्ड्यांवर धाडी घालून जे उचलून आणलं त्यात या वह्या होत्या. चार वर्षं त्या तशाच धूळ खात पडल्या होत्या. त्यात नफ्याची वाटणी लिहिलेली, आणि एका जागी अल हे नाव. अक्षर कोणाचं ते शोधत शोधत विल्सन लेस्ली शमवे नावाच्या कारकुनापर्यंत पोचला. हा कारकून फ्लोरिडात कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नोकरी करत होता.

इथे मी पुस्तक बंद करून थोडा वेळ नुसती बसले होते. एवढा सावध माणूस, त्याने वही ठेवूच का दिली? पण विचार केला तर दुसरा इलाज नव्हता. गल्लीतल्या टोळक्याला वही लागत नाही, लुटलेलं तिथेच वाटून टाकतात. पण शंभर अड्डे, ट्रक, पगार, लाचेचे हप्ते, भागीदार, हे सगळं तोंडी नाही चालत. चाललं तर आपलेच लोक चोरतील. धंदा मोठा करायचा तर हिशेब ठेवावाच लागतो. ज्या गोष्टीमुळे त्याची टोळी टोळक्यापेक्षा वेगळी होती, तीच गोष्ट त्या कपाटात सापडली.

खटला ६ ऑक्टोबर १९३१ ला सुरू झाला. ज्युरींची यादी कपोनच्या लोकांनी आधीच मिळवली होती. न्यायाधीश विल्करसनला हे कळवण्यात आलं, आणि त्याने पहिल्याच सकाळी दुसऱ्या कोर्टातले ज्युरी आपल्याकडे आणून आपले तिकडे पाठवले. हेन्री हूवर नावाच्या एका पाद्र्याने साक्ष दिली. १९२५ मध्ये त्याने नागरिकांना घेऊन सिसेरोच्या अड्ड्यावर धाड घातली होती तेव्हा झोपेतून उठून आलेला कपोन तिथे मालकाच्या तोऱ्यात बोलला होता. कपोनच्याच वकिलाने तडजोडीसाठी लिहिलेलं पत्र, ज्यात कमाईचे आकडे होते, तेही पुरावा म्हणून आलं. २२ आरोपांपैकी ५ सिद्ध झाले. ११ वर्षं कैद आणि ५०,००० डॉलर दंड. खून, लाच, दारू, कशासाठीच नाही. टॅक्स बुडवल्याबद्दल आणि रिटर्न न भरल्याबद्दल!

तो आत गेला आणि शिकागोचा धंदा थांबला, असं झालं नाही. ५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली, तरीही नाही. फ्रँक निटी, पॉल रिका, टोनी अकार्डो असे एकामागून एक लोक खुर्चीवर बसले आणि कंपनीने माल बदलला: जुगार, कामगार संघटना, सिनेमावाल्यांकडून खंडणी. मशीन बनवणारा गेला तरी मशीन चालतं, हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला नको. अमेरिकेला हे कळून माणसाऐवजी त्या संघटनेवरच खटला भरता येईल असा रिको कायदा करायला १९७० उजाडलं. महाराष्ट्रात १९९९ साली मोक्का आला तो त्याच विचाराचा, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमात संघटित गुन्हेगारीची व्याख्या देशभरासाठी आली. आपल्या मुंबईतही सुरुवात ओळखीची आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्या पसरल्या आणि वरदराजन मुदलियार त्यावरच मोठा झाला. सोन्यावर निर्बंध होते तोवर सोन्याची तस्करी होती.

कपोन आधी अटलांटाच्या तुरुंगात होता. १९३४ च्या ऑगस्टमध्ये त्याला अल्कट्राझच्या बेटावर हलवलं, कैदी नंबर ८५. तिथे पैशाने कोणी विकत मिळेना. तो लॉन्ड्रीत काम करायचा, कैद्यांच्या बँडमध्ये बँजो वाजवायचा. १९३६ मध्ये एका कैद्याने त्याच्या पाठीत कात्री खुपसली. तरुणपणी झालेला सिफिलिस त्याने कधी नीट दाखवला नव्हता, तो आता मेंदूपर्यंत पोचला. नोव्हेंबर १९३९ मध्ये सुटला तेव्हा थेट हॉस्पिटलात नेला. पेनिसिलिन नवीन निघालं होतं, ते मिळालेल्या पहिल्या काही नागरिकांपैकी तो एक, पण फार उशीर झाला होता. १९४६ मध्ये डॉक्टरांनी तपासून त्याची बुद्धी बारा वर्षांच्या मुलाएवढी उरली असल्याचं सांगितलं. म्हणजे शाळेत बरे मार्क पडत होते त्या वयाची.

२५ जानेवारी १९४७ ला फ्लोरिडातल्या घरी तो गेला, वय ४८. आई तेव्हा जिवंत होती. शिकागोजवळच्या माउंट कार्मेल दफनभूमीत त्याची कबर आहे. डीन ओबॅनियनही तिथेच आहे आणि जेन्ना बंधूही. मे त्याच्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं जगली. त्यांचा एकुलता एक मुलगा १९६६ साली कोर्टात गेला आणि त्याने आपलं आडनाव बदलून ब्राऊन करून घेतलं.